विद्यार्थ्याचे ताट आणि शेतकऱ्याचे शेत

जून महिना उजाडला की वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी दोन कामांची एकदम घाई होते. एकीकडे वखरणी आटोपून कपाशी, तूर, सोयाबीन यांच्या बियाण्याची तजवीज करावयाची असते, तर दुसरीकडे मुलामुलींच्या महाविद्यालयीन प्रवेशाची व राहण्या-जेवण्याची सोय लावावयाची असते. दर्यापूर तालुक्यातील खेड्यापाड्यांतून कित्येक तरुण-तरुणी सकाळच्या एस.टी.ने दर्यापुरास शिकावयास येतात. त्यांच्यापैकी पुष्कळजण पुढील शिक्षणासाठी अमरावतीस किंवा अकोल्यास जाऊन खोली घेतात व खानावळ लावतात. बियाण्याची निवड करताना शेतकरी दहा ठिकाणी चौकशी करतो. परंतु घर सोडून गेलेला आपला मुलगा काय खातो, किती खातो आणि त्या खाण्याचा त्याच्या शरीरावर व आपल्या शेतावर काय परिणाम होतो, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही.

वास्तविक हा प्रश्न शेतीचाच आहे. आज जो विद्यार्थी आहे तो उद्याचा शेतकरी, शिक्षक, व्यापारी किंवा अधिकारी होणार आहे. अठराव्या ते बाविसाव्या वर्षी, म्हणजे घराबाहेर स्वतःच्या मर्जीने जेवावयास लागल्यावर, ज्या सवयी जडतात त्या बहुधा जन्मभर टिकतात. लोक काय खातात त्यावर बाजारात कशास मागणी आहे ते ठरते आणि बाजारातील मागणीवर शेतात काय पेरावयाचे ते ठरते. म्हणून विद्यार्थ्यांना शहाणपणाने जेवावयास शिकविणे हे शेतीसुधारणेचेच एक अंग समजले पाहिजे.

दर्यापूरची जमीन आणि तिचे अन्न

दर्यापूर गाव चंद्रभागा नदीच्या काठी वसले आहे. हा सर्व मुलूख पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टर क्षेत्र या पट्ट्यात येते. येथील जमीन खोल, काळी व ओल धरून ठेवणारी आहे. परंतु भूगर्भातील पाणी खारे असल्याने विहीर खोदून बागाईत करण्याची सोय नाही. जे पिकवावयाचे ते पावसाच्या पाण्यावर व जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिकवावे लागते.

अशा जमिनीला साजेल असाच आहार येथील जुन्या माणसांनी बसविला होता. पावसाळ्यात ज्वारी, मूग व उडीद. कपाशीत तुरीची ओळ. हिवाळ्यात ओलीवर येणारा हरभरा व जवस, अशी ही पिकांची मांडणी होती. त्यातूनच ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, झुणका, ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर, कण्या घालून शिजविलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेल्या मुंगवड्या आणि ताकातल्या कण्या असे वऱ्हाडी ताट तयार झाले. पावसाळ्याच्या आरंभी तरोट्याची कोवळी भाजी, हिवाळ्यात तुरीचे व हरभऱ्याचे सोले आणि हुरडा यांची त्यात भर पडे. या ताटासाठी विहिरीच्या पाण्याची गरज नव्हती आणि दुरून काही आणावे लागत नव्हते.

ज्वारीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ते दोघांना पोसणारे पीक आहे. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला मिळतो. जनावर असले म्हणजे घरात दूध-ताक राहते आणि शेतास शेणखत मिळते. म्हणजे भाकर, ताक व खत ही तिन्ही एकाच धाटातून निघतात.

ज्वारी ताटातून का गेली

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ही मांडणी विस्कटली. त्याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण निघाला आणि उत्पन्न वाढले, तथापि पावसाळ्यात दाणे भरण्याच्या वेळी झड लागली म्हणजे कणसे काळी पडत व अशा मालास भाव मिळत नसे. पुढे सोयाबीन आले. ते तीन-साडेतीन महिन्यांत हाती येऊन रोख पैसा देऊ लागले. २००२ साली बीटी कपाशीस देशात परवानगी मिळाली आणि कपाशीचे क्षेत्र आणखी वाढले. दरम्यान पाखरे, रानडुकरे व रोही यांचा उपद्रव वाढला, कापणी-खुडणीस मजूर मिळेनासे झाले आणि कडबा खाणारी जनावरेही कमी झाली. स्वस्त धान्य दुकानातून प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळू लागले. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभधारकांना ते विनामूल्य मिळत आहेत. गरीब कुटुंबांस या योजनेचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. परंतु ज्या घराने पूर्वी ज्वारीची कणगी भरून ठेवली, त्याच घराने आता ज्वारी विकत घ्यावी किंवा ती खाण्याचेच सोडावे, अशी स्थिती या सर्व कारणांनी निर्माण झाली.

या घरातून निघालेला विद्यार्थी शहरात गेला की त्याच्या ताटातील उरलीसुरली विविधताही जाते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी खानावळीतील भात, पातळ वरण व बटाट्याची भाजी, संध्याकाळी समोसा, कचोरी अथवा पाकीटबंद नूडल्स, असा कित्येकांचा दिवस जातो. पोट भरते, पण शरीरास पाहिजे ते मिळत नाही. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष चिंतेची आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची उणीव, म्हणजे रक्तक्षय, आढळून आला. त्याच्या आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. शिकण्याच्या वयात दम लागणे, डोके दुखणे, वाचनात लक्ष न लागणे यांमागे पुष्कळदा हेच कारण असते.

मुठीभर धान्यावर चाललेले वसतिगृह

विद्यार्थ्यांच्या जेवणाचा विचार शेतकऱ्याच्या धान्याशी जोडून करण्याची परंपरा वऱ्हाडास नवी नाही. डॉ. पंजाबराव देशमुख हे १९२६ साली विलायतेहून उच्च शिक्षण घेऊन परतले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. खेड्यातील गरीब मुलांना, मग ती कोणत्याही जातीची असोत, शहरात राहून शिकता यावे हा त्यामागील हेतू होता. या कार्यासाठी मुष्टिफंडाचा आधार घेण्यात आला. रोजच्या स्वयंपाकातून एक मूठ धान्य बाजूस काढून ठेवावयाचे व साठले की ते विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. पुढे १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९५२ ते १९६२ या काळात ते भारताचे कृषिमंत्री होते. अकोल्याचे कृषि विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहातही सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व स्वतः श्रम करीत. या दोन्ही ठिकाणी अन्न ही केवळ पोट भरण्याची बाब नव्हती. आपल्या ताटातील घास कोणाच्या घरातून व कोणाच्या कष्टातून आला आहे, याची जाणीव मुलांना रोज होत असे. आजच्या खानावळीत नेमकी हीच जाणीव राहिलेली नाही.

शाश्वत आहार म्हणजे काय

ज्या आहाराने खाणाऱ्याचे शरीर, पिकविणाऱ्याची जमीन आणि घराची मिळकत ही तिन्ही टिकून राहतात, त्यास शाश्वत आहार म्हणावे. त्यासाठी महागड्या वस्तूंची आवश्यकता नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, दिवसास सुमारे दोन हजार उष्मांक लागणाऱ्या व्यक्तीच्या आहारात पुढील प्रमाण असावे : तृणधान्ये व भरडधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (अथवा त्यांच्या जागी काही अंशी अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-जवस यांसारखे पदार्थ ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. अंगमेहनतीचे काम किंवा व्यायाम करणाऱ्यास याहून अधिक लागेल.

या प्रमाणाकडे पाहिले असता विद्यार्थ्यांच्या आहारातील चूक चटकन ध्यानात येते. ते धान्य व तेल गरजेपेक्षा अधिक, आणि डाळ व भाजी गरजेपेक्षा फारच कमी खातात. धान्यातही निवड करावयास हवी. सडलेल्या शंभर ग्रॅम तांदळात लोह पाऊण मिलिग्रॅमहूनही कमी असते, तर तेवढ्याच ज्वारीत ते सुमारे चार मिलिग्रॅम असते. तांदळात तंतुमय भाग तीन ग्रॅमच्या आत, तर ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास असतो. कोंड्यासह दळलेला गहूही या बाबतीत चांगला आहे. नुकसान होते ते मैद्याने. भाकरीबरोबर वरण किंवा उसळ का हवी, याचेही कारण आहे. धान्यातील प्रथिनांत जो घटक अपुरा असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यातून मिळतो. दोन्ही मिळून प्रथिने परिपूर्ण होतात. धान्य-भाजीतील लोह अंगी लागण्यासाठी जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असावा आणि जेवणास लागून चहा घेऊ नये. कडधान्यास मोड आणल्यास त्यातील लोह अधिक अंगी लागते. रक्तक्षय अधिक असल्यास मात्र आहारावरच विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून औषध घेतले पाहिजे.

शिकवावे कसे

आहारावर व्याख्यान दिल्याने सवय बदलत नाही. जी गोष्ट हाताने केली जाते तीच अंगवळणी पडते. महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून सुरू आहे. तिच्या स्वयंसेवकांनी वर्षास १२० तास सेवाकार्य करावयाचे असते व दत्तक गावी सात दिवसांचे शिबिर भरवावयाचे असते. या कामास आहाराचे शिक्षण सहज जोडता येईल. त्यासाठी पुढील पाच गोष्टी कोणतेही महाविद्यालय किंवा वसतिगृह विशेष खर्चाशिवाय करू शकेल.

पहिली गोष्ट, आहाराची वही. प्रत्येक विद्यार्थ्याने सात दिवस आपण काय खाल्ले व त्यास किती पैसे लागले हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. आठव्या दिवशी वर दिलेल्या प्रमाणाशी ते ताडून पाहावे. बाहेरच्या खाण्यावर किती खर्च होतो, हे पाहून बहुतेकांस स्वतःचेच आश्चर्य वाटेल.

दुसरी गोष्ट, तोलकाटा. वसतिगृहाच्या भोजनगृहात ताटे धुण्याच्या जागी एक पिंप व तोलकाटा ठेवावा आणि रोज किती अन्न टाकले गेले त्याचा आकडा फळ्यावर लिहावा. कोणाचे नाव लिहू नये वा कोणास रागावू नये; आकडाच पुरेसा बोलतो.

तिसरी गोष्ट, आठवड्याचे दोन वार ज्वारीचे. वसतिगृहात आठवड्यातून दोन दिवस भाकर, पिठले अथवा उसळ, पालेभाजी व ताक असे जेवण ठरवावे. भाकर थापणे हे कौशल्य आहे आणि ते मुलींप्रमाणे मुलांनीही शिकावे. सकाळच्या न्याहारीस ज्वारीच्या लाह्या, आंबील, फुटाणे व शेंगदाणे ठेवावेत. ते पाकीटबंद पदार्थांहून स्वस्त पडतात.

चौथी गोष्ट, परसबाग. खारपाणपट्ट्यात भाजीपाल्यास पाणी मिळणे कठीण आहे. तथापि भांडी व भाज्या धुतलेले, साबण नसलेले पाणी आणि छपरावरून साठविलेले पावसाचे पाणी यांवर अंबाडी, मेथी, पालक व बरबटी यांचे लहान वाफे जगविता येतात. शेवग्याचे एक झाड एकदा लागले की शेंगा व पाला दोन्ही देते.

पाचवी गोष्ट, शिवारफेरी. शिबिराच्या गावी प्रत्येक विद्यार्थ्याने एका वृद्ध शेतकऱ्याकडून व एका वृद्ध गृहिणीकडून माहिती घ्यावी. शेतात पूर्वी काय पिके, कोणत्या महिन्यात कोणती भाजी खाल्ली जाई, कोणत्या रानभाज्या कशा ओळखाव्यात, धान्य कसे साठविले जाई हे सर्व लिहून घ्यावे. हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ती माणसे आता थोडीच उरली आहेत. रानभाजी मात्र जाणकाराने ओळखल्याशिवाय खाऊ नये.

टाकलेल्या अन्नाचा हिशेब

टाकलेल्या अन्नाची बाब क्षुल्लक वाटते, म्हणून तिचा हिशेब करून पाहावा. शंभर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात प्रत्येकाने दर जेवणास केवळ ५० ग्रॅम अन्न ताटात टाकले, तर दोन वेळचे मिळून दिवसास १० किलो होते. वर्षातील २४० दिवसांत ते २४ क्विंटल भरते. शिजलेल्या अन्नात पाणी असते, म्हणून त्यातील कोरडे धान्य तिसरा हिस्सा धरले तरी ८ क्विंटल होते. कोरडवाहू ज्वारीचे उत्पन्न एकरी ४ क्विंटल मानल्यास, दोन एकरांचे सबंध पीक पिंपात गेले असा त्याचा अर्थ होतो. त्या दोन एकरांची नांगरणी, पेरणी, निंदणी, राखण व कापणी कोणी तरी केलेली असते.

जगाचा आकडाही असाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकाने, खानावळी व घरे यांतून वाया गेले. त्यातील ६० टक्के घराघरांतून टाकले गेले.

अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ साली झाली व पुढे त्यास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी दर्यापूरच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे झाला. मातीचे गाडगे हेच त्यांचे ताट होते आणि गावात गेल्यावर प्रथम खराटा हाती घेऊन गाव झाडावयाचे व मगच भाकर मागावयाची, हा त्यांचा रिवाज होता. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्याने घेतलेले अन्न पूर्ण खावे व ते पिकविणाऱ्याच्या श्रमाची आठवण ठेवावी, एवढी अपेक्षा अधिक म्हणता येणार नाही.

शेतकऱ्याने काय करावे

विद्यार्थ्यास भाकर खा म्हणावयाचे आणि घरी ज्वारीच नसावी, हे विसंगत आहे. म्हणून घरापुरती तरी ज्वारी पेरली जावी. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी २५० ग्रॅमप्रमाणे वर्षास सुमारे ४५६ किलो धान्य लागते. त्यातील निम्मे ज्वारीचे ठेवावयाचे झाल्यास २२८ किलो ज्वारी पुरे. एकरी ४ क्विंटल उत्पन्न धरले तर त्यासाठी सुमारे २३ गुंठे जमीन लागते. कष्टाच्या कामामुळे गरज अधिक असेल त्या घराने ३० गुंठे धरावेत. बाकीच्या रानात कपाशी, तूर, सोयाबीन जरूर घ्यावे.

पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत करावी, कारण ती लांबल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो. एकरी तीन ते चार किलो बियाणे पुरते. दाण्यावर बुरशी कमी धरणाऱ्या सुधारित वाणांची माहिती कृषि विद्यापीठाकडून अथवा कृषि सहायकाकडून घ्यावी. पाखरांचा व जनावरांचा त्रास एकट्याच्या तुकड्यास फार होतो. यासाठी गावातील आठ-दहा शेतकऱ्यांनी लगतच्या शेतांत एकाच वेळी ज्वारी पेरून राखण सामायिक करावी. त्यामुळे प्रत्येकाचे नुकसान विभागले जाते. तूर व मूग यांपैकी घरच्या डाळीपुरता भाग विक्रीपूर्वीच बाजूस काढून ठेवावा. पाच माणसांस दिवसाला माणशी ८५ ग्रॅमप्रमाणे वर्षास सुमारे १५५ किलो डाळ लागते, हे ध्यानात ठेवावे.

अडचणी आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्वारीस कष्ट अधिक व पैसा कमी, असा शेतकऱ्याचा अनुभव आहे. मागणी वाढल्यावाचून हा अनुभव बदलणार नाही आणि मागणी वाढविण्याचे सामर्थ्य खाणाऱ्यांच्या हाती आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांत ज्वारीचे पदार्थ आवडीने खाल्ले गेले. पण एका वर्षाच्या उत्सवाने शेतातील पीक बदलत नाही. वसतिगृहांनी दरवर्षी ठरावीक ज्वारी व डाळ जवळच्या शेतकरी गटाकडून घेण्याचे ठरविले, तर शेतकऱ्यास खात्रीचे गिऱ्हाईक व विद्यार्थ्यास ताजे धान्य मिळेल. मुष्टिफंडाच्या काळी धान्य दान म्हणून येत होते. आज ते योग्य भावाने यावे, इतकाच फरक.

येत्या हंगामात दर्यापूर तालुक्यातील ज्या शेतकऱ्यांची मुले शिकावयास बाहेरगावी आहेत, त्यांनी पुढच्या सुटीत मुलगा किंवा मुलगी घरी आली असता त्यांच्यासह बसून दोन गोष्टी लिहून काढाव्यात. विद्यार्थ्याने आठवडाभर काय खाल्ले ही एक, आणि शेतकऱ्याने शेतात काय पेरले ही दुसरी. दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्यांत सारखी नावे किती निघतात ते मोजावे. ती संख्या दरवर्षी एका-दोनाने वाढत गेली, तर मुलांची प्रकृती, घरचा पैसा व रानाची काळी माती या तिहींचेही कल्याण होईल.